तुम्ही विचारलेत म्हणून: पिशवीचा तास

प्रशिक्षणात भेटणारे शिक्षक मला हटकून विचारतात, 'बाई, तुमचा तो पिशवीचा तास बंद का केलात?' आजवर मी वेळ पुरत नाही, पाठ्यक्रम मागे पडतो, अशी उत्तरे देत आले. ती खोटी नव्हती, पण ते कारणही नव्हते.

आमची शाळा कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्यातली, त्यामुळे निर्वासितांविषयी बोलायला मला सीरियापर्यंत जावे लागत नसे. सोव्हिएत सत्तेने 1940 च्या सुमारास घरांतून उचलून सायबेरिया, कझाकस्तानकडे धाडलेली आणि पुढे इराणमार्गे भारतात पोहोचलेली सुमारे 5,000 पोलिश माणसे 1943 ते 1948 या काळात इथल्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. हे सांगून झाले की मी मुलांना विचारी: आज रात्री घर सोडायचे आहे, एकच पिशवी आहे, कोणत्या पाच वस्तू घ्याल? मग मोबाइल, आजीचा फोटो, क्रिकेटची बॅट अशा याद्या येत. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतल्या 4.7 क्रमांकाच्या लक्ष्यात 2030 पर्यंत जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचावे असे म्हटले आहे. माझ्या अहवालात त्या आकड्यासमोर हा तास असे.

एका डिसेंबरात पाचवीच्या वर्गात बीडकडच्या ऊसतोड टोळीतली एक मुलगी होती. तिने लिहिले होते: ताडपत्री, कोयते दोन, पिठाचा डबा, पातेले, बारका भाऊ. शेजारून कोणीतरी म्हणाले, 'भाऊ काय वस्तू आहे का?' आणि वर्ग हसला. मला त्या हसण्याचा राग आला. मी तो कागद घेतला, मोठ्याने वाचला, तिला उभे केले आणि म्हणाले, 'आपण नुसती कल्पना करतो. ही मात्र खरी निर्वासित आहे.' मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या थांबल्यावरही ती उभीच होती, कारण तिला बस म्हणायला मी विसरले होते.

मधल्या सुट्टीत तिचे नाव 'निर्वासित' पडले. शब्द माझा होता, मुलांनी तो फक्त वापरला. पाचव्या दिवसापासून ती आली नाही. मी उसाच्या फडाशेजारच्या कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर गेले, तेव्हा ती भावाला काखेत घेऊन चुलीपाशी बसली होती आणि माझ्याकडे तिने एकदाही पाहिले नाही. आई म्हणाली, 'बारक्याला कोण बघंल, बाई?' ते कारण खरे होते, शेकडो मुलींचे खरे असते, आणि म्हणूनच पुढची दोन वर्षे मी त्याच्या आड लपू शकले. त्या दोन वर्षांत मी पिशवीचा तास घेतलाही.

तेव्हाची मी आजच्या माझ्याशी अजून वाद घालते. ती म्हणते, हेतू चांगला होता. हसणाऱ्या मुलांना तसेच सोडून द्यायचे होते का? नव्हते. पण त्यांना समानुभूती शिकवण्यासाठी मी एका मुलीचे घर फळ्यावर टांगले, आणि ते करताना तिची परवानगी घ्यावी असे माझ्या मनातही आले नाही. दुसरेही एक खटकते. वळिवड्याच्या छावणीत पोलिश मुलांच्या स्वतःच्या शाळा होत्या, चर्च होते. आमच्या आजोबांना त्यांच्यासाठी बाकावर सरकून जागा करून द्यावी लागली नव्हती. तरी 'आपण त्यांना आसरा दिला' हे वाक्य मुले किती सहज म्हणतात, आणि मीच ते त्यांना म्हणायला शिकवले.

वळिवडे मी अजूनही शिकवते. ते का सोडावे? टोळ्या आल्या की कोपीवरच्या मुलांची शिक्षण हमी कार्डे (स्थलांतर करणाऱ्या मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून दिलेली) मागून घेते, त्यांना मागच्या बाकावर बसू देत नाही, आणि त्यांच्या घराविषयी वर्गासमोर काहीही विचारत नाही. हे भान आहे की भित्रेपणा, ते मला ठरवता येत नाही; न विचारल्यामुळे ती मुले मार्चपर्यंत वर्गात असूनही कोणालाच ठाऊक नसतात, असेही झाले आहे.

गेल्या आठवड्यात एका मुलाने विचारले, 'बाई, आमच्या दादाच्या वर्गात पिशवीचा तास झाला होता, आमचा कधी?' त्याच्या शेजारी नुकताच दाखल झालेला टोळीतला मुलगा बसला होता, आणि तोही माझ्याकडे बघत होता. मी 'बघू' म्हणाले.