मलप्रभेच्या काठाने कणकुंबीपर्यंत: पाठपिशवीत कोणता पेला न्यावा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर स्टेशनवर उतरून मलप्रभा नदीच्या उगमाकडे, म्हणजे कणकुंबीला, रमतगमत चालत जायचा बेत असेल तर हे वाचा. वाटेबद्दल थोडक्यात लिहितो आणि पेल्याबद्दल सविस्तर. वाट विचारत विचारत सापडते, पण पिशवीत काय घ्यायचं ते घरूनच ठरवून निघावं लागतं. तंबू आणि स्लीपिंग बॅगवर लोक महिना महिना खल करतात, आणि पेला मात्र निघताना स्वयंपाकघरातून हाताला लागेल तो उचलतात. एकट्यादुकट्याच्या भटकंतीत पेला हेच पातेलं, हीच वाटी, हेच माप आणि आंघोळीचा तांब्याही हाच. तो विचार करूनच घ्यावा.

आधी वाट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पाऊस धो धो कोसळतो, नदी फुगलेली असते आणि जळवा असतात, तेव्हा काठाने जायचं नाव काढू नये. खानापूरहून असोगा जवळच आहे. तिथलं रामलिंगेश्वराचं मंदिर आणि खडकांतून वाहणारी मलप्रभा बघून पुढे निघावं. मग हब्बनहट्टीचा स्वयंभू मारुती. हे देऊळ पार नदीच्या पात्राला लागून आहे, पावसाळ्यात पाण्याखाली जातं. तिथून जांबोटी आणि शेवटी कणकुंबी. काठाकाठाने सलग आखलेली पायवाट नाही. गावरस्ते, शेताचे बांध आणि अधूनमधून बस असंच जोडत जावं लागतं. बोलायची अडचण नाही, खानापूर तालुक्यात गावोगाव मराठी चालते. बसवरच्या पाट्या मात्र कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर कंडक्टरलाच विचारावं.

जंगलात तंबू ठोकायचा विचार मनात आणू नका. भीमगड अभयारण्य याच तालुक्यात आहे, २०११ मध्ये ते जाहीर झालं. आत जायला वनखात्याची परवानगी लागते. अभयारण्याबाहेरच्या रानातही गवे आणि अस्वलं फिरतात, आणि जानेवारीनंतर गवत इतकं वाळतं की एका ठिणगीने डोंगर पेटेल. आम्ही प्रत्येक मुक्काम गावात केला, घरमालकाला विचारून, कापणी झालेल्या शेतात नाहीतर अंगणात. चूलही त्यांनी दाखवलेल्या जागीच मांडली.

चुलीचा विषय मुद्दाम काढला, कारण पेल्याची निवड तिथूनच सुरू होते. आमच्यातले दोघे मिरजेहून रेल्वेने आले. रेल्वेत गॅस सिलिंडर, रॉकेल, पेट्रोल असलं काही नेता येत नाही, आणि कॅम्पिंगचा छोटा डबाही त्यातच आला. म्हणजे रेल्वेने खानापूर गाठणाऱ्याला लाकडावरच रांधायचं आहे हे धरून चालावं. लाकडाच्या जाळावर जो पेला टिकत नाही तो या वाटेवर निम्म्या कामाचा.

पहिला बाद होतो तो दुहेरी भिंतीचा मग. चहा गरम राहतो, ओठ पोळत नाहीत, हातात धरायला सुरेख, सगळं खरं. पण तो जाळावर ठेवता येत नाही. दोन भिंतींमधली पोकळी बंद असते, ती तापली की भांडं फुगतं, फुटूही शकतं. शिवाय वजन. आमच्यातल्या एकाचा तीनशे मिलीचा दुहेरी स्टीलचा मग काट्यावर दोनशे ग्रॅमच्या आसपास भरला. सातशे पन्नास मिलीचा टायटॅनियमचा पेला झाकणासकट जेमतेम शंभर ग्रॅम. दुप्पट वजन वाहून निम्म्याहून कमी पाणी, आणि तेही दुसऱ्या कुणाच्या भांड्यात तापवलेलं. बेसकॅम्पला किंवा गाडीने जाताना जरूर न्यावा, पाठीवर नेऊ नये.

आता धातू. अॅल्युमिनियमची घनता २.७, टायटॅनियमची ४.५ आणि स्टीलची ८ च्या घरात. मग टायटॅनियमचा पेला एवढा हलका कसा? तो धातू मजबूत असल्यामुळे पत्रा फार पातळ ठेवता येतो आणि तरी चेपत नाही. अॅल्युमिनियमचा पत्रा तेवढा पातळ केला तर पिशवीतच पोचे पडतील. वजनात टायटॅनियम जिंकतं, पण रांधताना ते चिडखोर आहे. उष्णता पसरवण्यात अॅल्युमिनियम त्याच्या दहापट तरी पुढे. टायटॅनियममध्ये जाळ जिथे लागतो तेवढाच गोल ठिपका तापतो आणि तिथेच अन्न करपतं. स्टीलचा स्वभावही साधारण तसाच, फक्त पत्रा जाड असेल तर थोडी दयामाया. उलट अॅल्युमिनियमच्या पेल्यातून चहा प्यायचा म्हटलं तर काठ ओठाला चटका देतो. पातळ टायटॅनियमचा काठ लवकर निवतो.

गावाकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, आणि जर्मनच्या भांड्यात आमसुलाचं सार ठेवू नये हे इथल्या कुठल्याही घरात सांगतील. आंबट पदार्थ उघड्या अॅल्युमिनियमला खातो, चवही बिघडते. कॅम्पिंगचे पेले ॲनोडाइज केलेले असतात, म्हणजे वरचा थर टणक केलेला. त्यांत हा त्रास कमी, पण चमच्याने खरवडून थर गेला की पुन्हा तेच. ताक, चिंच, आमसूल यांच्यावर जगणाऱ्या माणसाने स्टील किंवा टायटॅनियमकडेच वळावं.

आकारमानाचं सगळ्यात नीट उत्तर मला जांबोटीच्या अलीकडे एका अंगणात मिळालं. "कुठं जाऊलासा?" एवढं विचारून घरच्या अक्कांनी आम्हाला जागा दिली, आणि संध्याकाळी आमची पेज शिजताना त्या शेजारी येऊन बसल्या. माझ्याकडे सातशे पन्नासचा पेला, मित्राकडे साडेचारशेचा. दोन्हींत पेजेचे तांदूळ, एकास सहा पाणी. साडेचारशेच्या पेल्यात फेस काठावर आला आणि चुलीत सांडला, जाळ विझला, पुन्हा फुंकणी. दुसऱ्यांदाही तेच. पेजेला फेस येतोच, त्यामुळे पेल्याचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवावा लागतो. हा हिशेब केला की साडेचारशेच्या पेल्यात एका माणसाची पोटभर पेज होत नाही. सातशे पन्नासच्या पेल्यात पाचशेपर्यंत भरून निवांत शिजवता येते. नुसता चहा, सूप आणि गरम पाणी ओतून होणारे पदार्थ एवढंच करणार असाल तर साडेचारशे पुरतो, वजनही चाळीसेक ग्रॅमने वाचतं.

अक्कांनी आणखी एक गोष्ट केली. पेला जाळावर जाण्याआधी तो हातातून घेतला, चुलीतली राख चिमूटभर पाण्यात कालवली आणि बुडाला व बाजूंना बोटांनी लेप दिला. काठाखाली दोन बोटं जागा सोडली, लेप आत जाऊ नये म्हणून. रात्री पाण्याचा हात फिरवला तर काजळीसकट लेप निघून आला, खाली धातू जसाच्या तसा. मित्राचा बिनलेपाचा पेला सकाळी वाळूने घासून घासून हात काळे झाले आणि बूड काळं ते काळंच. काजळीने रांधण्यात काही बिघडत नाही, पण पिशवीतले कपडे माखतात. लेप दोन मिनिटांचं काम आहे, प्रत्येकाने करावा. करपण्यावरही त्यांचा उपाय सोपा होता: ज्वाळेवर ठेवूच नका, दोन लाकडं मागे ओढा आणि निखाऱ्यावर शिजू द्या. टायटॅनियमच्या पेल्याला हा सल्ला सगळ्यात जास्त लागू.

तीन दगडांच्या चुलीवर उंच, अरुंद पेला डगमगतो. घरगुती पातेल्याच्या मापाने मांडलेल्या दगडांतून तर तो खालीच जातो. दगड जवळ घ्यावे लागतात, मग लाकूड घालायला जागा उरत नाही. रुंद, बसक्या पेल्याला जाळही जास्त मिळतो आणि ढवळताना चमचा कोपऱ्यापर्यंत पोचतो. दुकानात दोन पेले सारख्याच मापाचे आणि सारख्याच वजनाचे असले तर डोळे मिटून रुंद घ्या.

कानांकडे लक्ष द्या. घडीचे तारेचे कान हवेत, आणि त्यांवर सिलिकॉनची नळी नको. गॅसच्या मापात राहणाऱ्या ज्योतीवर ती ठीक असते. लाकडाची ज्वाळा बाजूने वर चढते. आमच्यातल्या एका पेल्याची नळी पहिल्याच संध्याकाळी जळाली आणि वास चहाला लागला. नुसती तार तापते, तर सुती रुमाल दुमडून धरा. रुमाल कोरडा हवा, ओल्या कापडातून चटका पटकन बसतो. वजनाची फिकीर नसेल तर घरची छोटी सांडशी सगळ्यांत भरवशाची. झाकण विसरू नका. झाकणाने पाणी लवकर उकळतं आणि राख, पाचोळा आत पडत नाही.

जांबोटीला बेळगावचा एक मित्र दुचाकीवरून गॅसची छोटी शेगडी घेऊन येऊन मिळाला, म्हणून गॅसवरही हेच पेले पाहता आले. वारा नसताना, झाकण ठेवून, अर्धा लिटर पाण्याला सात-आठ ग्रॅम गॅस लागतो असं धरावं. २३० ग्रॅमच्या डब्यात कागदावर पंचवीस-तीस वेळा पाणी उकळेल. चोर्ला घाटाकडून येणाऱ्या वाऱ्यात हा आकडा झपाट्याने खाली येतो. आडोसा करावा, पण डब्याला चारी बाजूंनी बंद करू नये, डबा तापणं धोक्याचं. सातशे पन्नासच्या पेल्यात गॅसचा लहान, शंभर-एकशेदहा ग्रॅमचा डबा आत बसतो. २३० चा मोठा डबा हवा असेल तर पेला नऊशे मिली किंवा त्याहून मोठा लागेल. घेताना डबा सोबत नेऊन आत घालून बघावा.

उंचीची काळजी करू नये. बेळगाव परिसर समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास आहे, पाणी ९७-९८ अंशांना उकळतं. भात शिजायला त्याने फरक पडत नाही. नदीचं पाणी मात्र कितीही नितळ दिसलं तरी खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नये. वर गुरं पाण्यावर येतात. गावातल्या विहिरीचं मिळालं तर आधी ते.

चहाचं एक सांगतो, कारण इथे गूळ चांगला मिळतो आणि मोह होतो. गुळाच्या चहात दूध उकळताना घातलं की फाटतं. आधी पाणी, चहा, गूळ उकळून पेला खाली उतरवा, मग दूध. दुधाची पावडर असेल तर तीही शेवटीच, नाहीतर टायटॅनियमच्या बुडाला चिकटून करपते आणि पुढचे दोन पदार्थ तोच वास घेऊन येतात.

पैशांचा विचार असेल तर टायटॅनियमवाचून अडत नाही. स्टीलच्या पेल्याच्या कित्येक पट किंमत देऊन तुम्ही शंभर-दीडशे ग्रॅम वाचवता. वर्षाला एखाददुसरी भटकंती करणाऱ्याने त्या पैशात चांगले बूट घ्यावेत. बेळगावात गणपत गल्लीच्या आसपास भांड्यांच्या दुकानात जा, पातळ पत्र्याचा, सरळ काठाचा, रुंद बुडाचा स्टीलचा पेला किंवा छोटी डेचकी निवडा आणि दुकानदाराला काट्यावर टाकायला सांगा. एका मापाच्या दोन पेल्यांत वीस-तीस ग्रॅमचा फरक सहज निघतो. काठ आत वळवून दुमडलेला असेल तर त्यात पाणी आणि अन्न अडकतं, तो टाळा. झाकण म्हणून मापाची ताटली तिथेच मिळते, आणि तीच जेवायलाही होते. तिघे-चौघे असाल तर प्रत्येकाने मोठा पेला नेण्यापेक्षा दीड-दोन लिटरची एक जर्मनची डेचकी झाकणासकट आणि प्रत्येकाला एक पातळ पेला, हे वजनालाही हलकं पडतं आणि भात एकसारखा शिजतो.

मातीचे पेले न्यावेत का, असं एका सोबत्याने खानापुरात विचारलं. खानापूरची माती नावाजलेली आहे, ग्रामीण कुंभारकामाचं शिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. घरी न्यायला जरूर घ्या. पाठीवर ते ना हलके, ना टिकाऊ.

कागदी पेले मात्र कृपा करून नेऊ नका. त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, ते मातीत जिरत नाहीत आणि जाळले तर धूर होतो. मोठ्या सुट्टीनंतर नदीकाठी त्यांचा खच दिसतो. याच मलप्रभेवर पुढे सौंदत्तीजवळचं धरण आहे, तिचं पाणी हुबळी-धारवाडची माणसं पितात.

पिशवीत पेला बाहेर लटकवू नका, करवंदीच्या जाळीत आणि कारवीत अडकतो आणि पावलागणिक वाजतो. आत चहा-गुळाची पुडी, काडेपेटी आणि रुमाल कोंबा, म्हणजे जागाही वाया जात नाही. काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली हवी, थंडीतलं दव तंबूच्या आतही उतरतं.

कणकुंबीत माउलीचं आणि रामेश्वराचं देऊळ, आणि मलप्रभेचं उगमाचं कुंड. कुंडात पेला बुडवून भांडी विसळू नका, बाजूला पाणी घेऊन विसळा. इथून जवळच पलीकडच्या उतारावरचं पाणी म्हादईला मिळून गोव्याकडे जातं, अलीकडचं मलप्रभेतून कृष्णेला. परतायला चोर्ल्यावरून बेळगावला जाणाऱ्या गाड्या याच रस्त्याने येतात. दुपारनंतरच्या गाडीची वेळ गावात पोचल्या पोचल्या विचारून ठेवा, आणि शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नका.