आत्याबाईंचा खुबा

काल पहाटे सोलापुरातील घरी आत्याबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. वय 86, हृदय अशक्त. ‘या वयात कशाला चिरफाड’ असे म्हणणाऱ्यांत, खरे सांगायचे तर, मीही होतो. डॉक्टरांनी समजावले की अशा रुग्णाने अंथरुणाला खिळून राहणेच अधिक धोक्याचे असते, कारण त्यातून न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या आणि पाठीला जखमा होतात, म्हणून शक्यतो 48 तासांच्या आत शस्त्रक्रिया करावी. धोका मुळीच नाही, असे मात्र ते म्हणाले नाहीत. आज कमरेत भूल देऊन खुब्याचा मोडलेला गोळा बदलला. उद्या त्यांना वॉकर धरून उभे करणार आहेत. बाहेर येताच आत्याबाईंनी शेंगाचटणी मागितली.