मटार, मोजे आणि बोचा
लेकाला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या बिघाडामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही), पाय ताठ, उजवी मूठ कायम गच्च. स्ट्रेचिंग म्हटलं की घरात रडारड, पण आजीसोबत मटार सोलायला बसवला की तोच हात अर्धा तास चालतो (निम्मे दाणे खाली, निम्मे पोटात, असू दे!). मग बोचा नावाचा खेळ कळला. १९८४ पासून पॅरालिंपिकमध्ये आहे, ६ लाल ६ निळे बॉल, पांढऱ्या बॉलच्या जवळात जवळ टाकायचे, तेही खुर्चीत बसूनच. हाताने नाही जमलं तर पायाने, तेही नाही तर रॅम्पवरून सोडायचा. आम्ही मोज्यात तांदूळ भरून बॉल केले, रॅम्प म्हणजे उभा चिरलेला पाईप. काल मूठ पहिल्यांदा आपणहून उघडली, बॉल गेला सोफ्याखाली आणि साहेब म्हणतात, "परत!"