धक्क्यावरची वीज : आमची वाटचाल

गोव्यात, वास्कोत बायण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं वर्कशॉप आहे. बाबांनी ते १९८४ साली दोन खोल्यांत सुरू केलं, तेव्हा दारावरच्या फळ्यावर एवढंच लिहिलं होतं : 'येथे सर्व प्रकारच्या मोटारी रिवाइंड करून मिळतील.' रिवाइंड म्हणजे विजेच्या मोटारीतली जळालेली तांब्याची गुंडाळी काढून नवी भरणं. तो फळा आम्ही आत जपून लावून ठेवलाय. आज आमच्याकडे अकरा माणसं आहेत आणि निम्म्याहून जास्त काम आहे ते धक्क्याला लागलेल्या बोटींना किनाऱ्यावरून वीज देणाऱ्या पॅनेलचं. रिवाइंडिंगवाला या कामात कसा शिरला आणि बंदरांच्या हरितीकरणासाठी येणाऱ्या सरकारी पैशातलं आमच्यासारख्याच्या हाती काय लागतं, असं गोव्यातले नि सिंधुदुर्गातले ओळखीचे कारखानदार सारखं विचारतात. म्हणून हे जरा सविस्तर.

बाबांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे खनिजाच्या बार्जेस, नदीतून माल नेणाऱ्या सपाट बोटी. मांडवी नि जुवारीतून माल मुरगावला, म्हणजे वास्कोच्या बंदराला, यायचा. प्रत्येक बार्जवर जनरेटर, पंप, विंच, आणि खाऱ्या हवेत कॉइलचं इन्सुलेशन टिकत नाही. पावसाळ्यात मांडवीचं मुख बंद झालं की बार्जेस दुरुस्तीला लागायच्या, तोच आमचा हंगाम. मी दहावीत असताना बाबांच्या शेजारी बसून स्लॉटमध्ये तांब्याची तार बसवायला शिकलो. तार घट्ट बसली की नाही ते बाबा डोळे मिटून नुसत्या अंगठ्याने सांगायचे.

२०१०-११ साली मुरगाव बंदराने ५ कोटी टनांच्या आसपास माल हाताळला, त्यात बहुतेक खनिजच. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेवर परवानगी मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं (लीजांचं) नूतनीकरण रद्द झालं. आमची दोन तृतीयांश कामं गेली. जुनी येणी तर अजूनही वहीत आहेत. हॉटेलांचे पंप, बर्फाचे कारखाने, खारीवाड्यावरचे ट्रॉलर यांवर आम्ही तगलो. बाबा २०१५ साली गेले. त्या काळाबद्दल यापेक्षा जास्त लिहवत नाही.

आमचं घर बंदराला लागून, सड्यावर. आई कपडे वाळत घालण्याआधी दोरी ओल्या फडक्याने पुसून घेते, रोज. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली की फडकं काळं. कोळशाच्या धुळीबद्दल वास्कोत वर्षानुवर्षं बोललं जातंय आणि ते बरोबरच आहे. पण धक्क्याला लागलेल्या बोटीचं मुख्य इंजिन बंद झालं तरी दिवे, पंप, एसी, स्वयंपाकघर यांच्यासाठी तिचे जनरेटर रात्रंदिवस चालूच असतात, ही गोष्ट बंदराबाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. मी त्याच जनरेटरांची दुरुस्ती करून पोट भरत होतो. ते बंद ठेवता येतात हे मला ठाऊक होतं. फक्त बंद ठेवायला कोणी पैसे देत नव्हतं.

१० मे २०२३ रोजी केंद्राच्या बंदर मंत्रालयाने 'हरित सागर' ही मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, तिथून वारं फिरलं. प्रत्येक टन मालामागचं कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ७० टक्के कमी करायचं. बंदराच्या विजेतला अक्षय ऊर्जेचा वाटा २०३० पर्यंत ६० टक्क्यांवर न्यायचा. निम्मी वाहनं नि यंत्रं विजेवर आणायची. आणि बोटींना किनाऱ्यावरून वीज द्यायची ती टप्प्याटप्प्याने : आधी बंदराच्या स्वतःच्या टग (मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या बोटी) आणि लाँच (लहान बोटी), परदेशी व्यापाराची जहाजं शेवटी. हा पहिला टप्पा वाचला आणि मी त्या ओळीखाली पेनाने रेघ ओढली. कारण टगची वीज आपल्याकडे बहुधा ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्या वर्कशॉपमधलीच. मोठ्या मालवाहू जहाजांचं तसं नसतं. ती बहुतेक ६० हर्ट्झवर चालतात, खूप मोठी असतील तर ६.६ किलोव्होल्टवर. त्यांच्यासाठी विजेचे हर्ट्झ बदलणारा फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर लागतो आणि त्याला कोट्यवधी रुपये. ते आमचं काम नव्हे. टगचं होतं.

बाहेरच्या राज्यातल्या एका ठेकेदाराकडे असं काम आलं होतं. त्याला पॅनेल बनवून, बसवून, पुढे सांभाळणारा कोणीतरी इथलाच हवा होता. आम्ही दर दिला आणि काम मिळालं. कागदावर सोपं वाटलेलं ते काम धक्क्यावर तसं राहिलं नाही. भरती-ओहोटीला बोट दोनेक मीटर वर-खाली होते, त्यामुळे केबलला ढील हवी, पण ती फेंडर (बोटीची धडक झेलायला धक्क्याला लावलेली गादी) आणि बोटीच्या मध्ये चिरडता कामा नये. प्लगमध्ये वीज असेपर्यंत तो बाहेर निघता कामा नये, म्हणून इंटरलॉक. पेटी साध्या पत्र्याची केली तर दोन पावसाळ्यांत चाळण होते, म्हणून ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील. आत ओल धरू नये म्हणून स्पेस हीटर, आणि तो पावसाळ्यात कोणी बंद करू नये म्हणून त्याचा स्विच आतल्या बाजूला.

आणि चूक झाली, ती आमचीच. केबल वाढवताना आमच्या मुलाने जंक्शन बॉक्समध्ये दोन फेज उलटसुलट जोडले. मी व्होल्टेज तपासलं, फेज सिक्वेन्स, म्हणजे तिन्ही फेजचा क्रम, तपासला नाही; तो उलटला की मोटार उलटी फिरते. बोटीवर वीज गेली, दिवे लागले, सगळे खूश. दहा मिनिटांत टगचे इंजिन ड्रायव्हर वर आले. एसीच्या कूलिंग पंपाचा काटा चढत नव्हता. पंप उलटा फिरत होता. त्यांनी लगेच बंद केला म्हणून नुकसान झालं नाही. ते मला एवढंच म्हणाले, "पात्रांव (मालक), ही बोट आमचं घर. घरात वीज देताना दोनदा बघायचं." त्यांची माफी मागितली. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक पॅनेलमध्ये फेज सिक्वेन्स रिले असतो, गिऱ्हाइकाने मागितला नसला तरी. तारा उलट्या असतील तर ब्रेकर लागतच नाही.

आठवड्याने रात्री पुन्हा चाचणी घेतली. बोटीची वीज किनाऱ्यावरून घेतली, जनरेटरचा भार उतरवला, इंजिन ड्रायव्हरांनी तो बंद केला. मी तीस वर्षं त्या धक्क्यांवर वावरतोय. बोटीच्या कठड्याखाली पाणी लाकडाला थापट्या मारतं, तो आवाज मी तिथे पहिल्यांदा ऐकला. बोटीचे सारंग, खलाशांचे प्रमुख, जेवत होते. ते ताट घेऊन डेकवर आले आणि तिथेच बसून जेवले.

आता हिशेब, कारण याच्यावर लोक चुकीचं बोलतात. त्या टगचा जनरेटर ताशी आठ-नऊ लिटर डिझेल खात होता. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दिवसाला बारा तास धरले तर एका बोटीमागे जवळजवळ पावणेतीनशे किलो. पण म्हणून ते सगळंच वाचलं असं मी म्हणणार नाही. आपल्या ग्रिडमधली बहुतेक वीज अजून कोळशाची आहे, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड तिथेही निघतो, आणि लहान डिझेल जनरेटरही त्याच्या थोडाच वर असतो. धूर, काजळी, आवाज धक्क्यावरून जातो तो त्याच दिवशी. हरितगृह वायू खऱ्या अर्थाने कमी होतात ते ही वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तेव्हाच. म्हणून ६० टक्के अक्षय ऊर्जेचं लक्ष्य आणि धक्क्यावरची पेटी या दोन गोष्टी एकाच निधीतून, एकाच वेळी व्हायला हव्यात. निधी फक्त पेटीवर खर्च झाला तर कार्बनचा धूर वास्कोऐवजी दुसऱ्या कुठल्यातरी गावावर जाईल, आणि तिथेही कुणाची तरी आई दोरी पुसत असेल.

सरकारी पैसा येण्याच्या वाटा अनेक आहेत. मुरगाव बंदराने ऑक्टोबर २०२३ पासून 'हरित श्रेय' सुरू केलं : जहाज किती कमी प्रदूषण करतं याचे गुण देणाऱ्या एन्व्हायर्न्मेंटल शिप इंडेक्समधला त्याचा गुणांक चांगला असेल तर बंदर-शुल्कात सूट. सूट म्हणजे बंदराने सोडलेलं उत्पन्न, म्हणजे तोही सार्वजनिक पैसाच. त्या गुणांकात किनाऱ्यावरची वीज घेण्याची सोय जहाजावर असण्यालाही गुण आहेत. हरित टगच्या, म्हणजे विजेवर किंवा स्वच्छ इंधनावर चालणाऱ्या टगच्या, कार्यक्रमात ऑगस्ट २०२४ मध्ये चार बंदरं पहिल्या टप्प्यात निवडली : जेएनपीए (न्हावा-शेवा), दीनदयाळ (कांडला), पारादीप आणि व्ही. ओ. चिदंबरनार (तुतिकोरिन). प्रत्येकाने २०२७ च्या अखेरपर्यंत किमान दोन हरित टग घ्यायच्या. मुरगाव त्यात नाही याचं मला वाईट वाटलं. मार्च २०२६ पर्यंतच्या जहाजबांधणी साहाय्य योजनेत विजेवर किंवा हायब्रिड चालणाऱ्या बोटींना २० टक्के आणि हरित इंधनावरच्या बोटींना ३० टक्के साहाय्य होतं. आमच्या नदीकाठच्या यार्डांना असं साहाय्य कामाचं असतं आणि त्यांच्यामागून आम्हालाही.

अमेरिकेत पर्यावरण खात्याने याच कामासाठी ३ अब्ज डॉलर ठेवले. त्यातली दोन कलमं मला मनापासून पटली. सुमारे १५ कोटी डॉलर यंत्रांना नव्हे, तर उत्सर्जनाची मोजदाद आणि आराखडे यांना. आणि कायद्यानेच ७५ कोटी डॉलर हवा आधीच बिघडलेल्या भागांतल्या बंदरांसाठी राखीव. आपल्याकडे असा वाटा बाजूला काढला तर सडा, बायणा, खारीवाडा त्यात पहिल्या रांगेत बसतील. बंदराशेजारी राहणाऱ्याच्या हवेचा आकडा आधी मोजा, मग यंत्र घ्या, आणि वर्षाने पुन्हा मोजा, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही प्रत्येक पॅनेलमध्ये एनर्जी मीटर बसवतो तो याचसाठी. बोटीने किती युनिट घेतले ते कोणालाही वाचता यावं.

लहान उद्योगाची अडचण आता. सार्वजनिक खरेदीच्या २०१२ च्या धोरणाप्रमाणे केंद्राच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची आहे, अनामत रकमेतूनही सूट आहे. उद्यम नोंदणी आमची आहेच. पण ते धोरण वस्तू आणि सेवांच्या खरेदीला आहे, बांधकामाच्या ठेक्याला नाही. धक्क्यावरच्या विजेचं काम निघतं ते खोदाई, केबल, सबस्टेशन, पॅनेल सगळं एकत्र करून, ठेका म्हणून. उलाढालीची अटही तशीच मोठी. मग आम्ही ठेकेदाराच्या हाताखाली जातो. त्या पहिल्या कामाचं शेवटचं बिल आम्हाला अकरा महिन्यांनी मिळालं. कायदा ४५ दिवस म्हणतो, उशिरावर बँक दराच्या तिप्पट व्याजही सांगतो. पण पुढचं काम त्याच माणसाकडे असताना तक्रार करायला जीभ उचलत नाही. त्या अकरा महिन्यांत मी पगार एकदाही चुकवला नाही. पत्नीचे दागिने गहाण होते, आणि सरकारी हमीवरचं विनातारण कर्ज बँकेने मंजूर केलं म्हणून ते परत घरी आले. ज्याला या धंद्यात उतरायचं आहे त्याने सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच उतरावं, आणि सामानाचं बिल कामाच्या बिलापासून वेगळं करून घ्यावं.

गेल्या खेपेला वेर्ण्यातले दोन फॅब्रिकेटर आणि आम्ही असे तिघे एकत्र झालो. एका कामाच्या प्री-बिड मीटिंगला (दर भरण्याआधीच्या शंका-बैठकीला) लेखी विचारलं : सॉकेट बॉक्स, पॅनेल आणि केबल रील यांची खरेदी ठेक्यातून वेगळी काढता येईल का? शुद्धिपत्रक आलं. सॉकेट बॉक्स वेगळे निघाले, बाकीचं एकत्रच राहिलं. बारा बॉक्स आहेत. उलाढालीच्या अटीत तिघेही बसतो. नमुना टेबलावर तयार आहे आणि आत्ता पोरं मागच्या अंगणात पाइप लावून त्याच्या झाकणाचं गॅस्केट तपासताहेत. उजव्या कोपऱ्यातून एक थेंब आत गेलाय, तो बंद झाला की दर भरायचा.