सात दिवसांत पेपर, अठरा हजारांत

मागच्या आठवड्यात केमिस्ट्रीत पीएचडी करणारी एक मुलगी लायब्ररीत आली आणि मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाली, "सर, हे खरंय का बघा ना." व्हॉट्सॲपवरचा मेसेज. सात दिवसांत रिसर्च पेपर छापून मिळेल, स्कोपस इंडेक्स्ड (म्हणजे स्कोपस या जर्नलांच्या मोठ्या यादीतल्या जर्नलमध्ये), फी अठरा हजार, खाली क्यूआर कोड. म्हटलं अगं सात दिवसांत आपल्याकडे साधं बोनाफाईड मिळत नाही, तुझा पेपर कोण वाचणार एवढ्यात? ती हसली, पण मेसेज तिच्या गाईडनेच फॉरवर्ड केला होता म्हणे, मग माझंच हसू गेलं.

आधी अशा वेळी यूजीसी-केअरची, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या जर्नल्सची, यादी उघडून दाखवली की विषय संपायचा. ती यादी आपल्या पुण्यातच, सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या सेलमध्ये तपासून तयार व्हायची. त्याच्याही आधीच्या यूजीसीच्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेली १००९ जर्नल्स तिथल्या मंडळींनी तपासली तर ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट निघाली, २०१८ची गोष्ट. आता फेब्रुवारी २०२५ मध्ये केअरची यादीच बंद झाली, कॉलेजांनी आपापलं ठरवायचं. ठरवायचं म्हणजे शेवटी लायब्ररीवाल्याला विचारायचं! आणि मोठ्या प्रकाशकाचं नाव बघून निर्धास्त राहावं तर तेही नाही, एल्सेव्हियरचं केमोस्फिअर डिसेंबर २०२४ मध्ये वेब ऑफ सायन्स या स्कोपससारख्याच यादीतून बाहेर पडलं. काल ज्यात पेपर आला म्हणून पेढे वाटले ते आज यादीत नाही, असं होऊ शकतं.

मग मी तिला बसवलं आणि म्हटलं, चहा घे, फुकटवाली जर्नल्स दाखवतो. फुकट म्हटलं की लोकांना वाटतं हलकं काहीतरी असणार, इथेच सगळा घोळ आहे. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचं केमिकल सायन्स घ्या, त्यांचं सगळ्यात वरचं जर्नल, २०१५ पासून वाचायला फुकट आणि छापायलाही. अर्थात तिथे नंबर लागणं म्हणजे येरागबाळ्याचे काम नोहे. पण बाइलश्टाइन जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री आहे ना, जर्मनीतली बाइलश्टाइन संस्था २००५ पासून चालवते, लेखकाकडून एक पैसा घेत नाही, आणि या मुलीचं काम ऑरगॅनिकचंच. तिला नाव ओळखीचं वाटलं. म्हटलं वाटणारच, बीएस्सीला तांब्याची तार ज्योतीत धरून हिरवा रंग बघितला होतास ना हॅलोजनसाठी, तोच हा बाइलश्टाइन.

तिचा पुढचा प्रश्न, "पण सर, ओपन ॲक्सेस म्हणजे पैसे भरावेच लागतात ना?" नाही गं! ओपन ॲक्सेस म्हणजे पेपर कुणालाही फुकट वाचता यावा एवढंच, त्याच्या वाटा बऱ्याच. नेहमीच्या सबस्क्रिप्शनवाल्या जर्नलमध्ये छापायला बहुतेक वेळा काही लागत नाही, नंतर जर्नल सांगेल तेवढं, बरेचदा बारा महिने, थांबून त्यांनी स्वीकारलेली आपली प्रत आपल्या संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, ठेवता येते. अमेरिकन केमिकल सोसायटीने (एसीएस) २०२३ मध्ये एक नवीन चार्ज काढलाय, बारा महिने न थांबता ती प्रत लगेच खुली करायची असेल तर अडीच हजार डॉलर. म्हणजे दोन लाखांच्या वर, आपलीच प्रत आपणच खुली करायला!! मी तर सांगतो पाठवायच्या आधीच केमआर्काइव्ह या साइटवर प्रीप्रिंट, म्हणजे तपासणीआधीचा मसुदा, टाका, २०१७ पासून आहे, फुकट आहे, फक्त त्या जर्नलचा प्रीप्रिंटचा नियम एकदा वाचून घ्या.

वाचायच्या बाजूने मात्र दिवस बरे आलेत. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन, सरकारी संस्थांना जर्नल्स वाचायला देणारी केंद्राची योजना, सुरू झाली, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास जर्नल्स, सगळा कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राकडे. आमचं कॉलेज सरकारी म्हणून आम्ही त्यात आहोत, पण पहिल्या टप्प्यात खाजगी कॉलेजं नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडची पोरं अजून माझ्याकडे पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि मला नाही म्हणावं लागतं, जिवावर येतं पण नियम आहे. त्यांना मी एक कायदेशीर वाट सांगतो, लेखकाला सरळ मेल टाका. एसीएसच्या लेखकांना आपल्या पेपरची एक लिंक मिळते, पहिल्या वर्षात पन्नास जणांना आणि नंतर कितीही जणांना त्यावरून फुकट डाऊनलोड करता येतं. बऱ्याच लेखकांना आपल्याकडे असली लिंक आहे हेच माहीत नसतं, त्यामुळे मेलमध्ये तसं लिहा.

आणि तीस प्रकाशक मिळाले म्हणून वापर होतो असं नाही हं. आमच्याकडे निम्म्या स्टाफला घरून वाचायचं लॉगिन असतं हेच माहीत नव्हतं, नोटीस बोर्डावर लावून काही झालं नाही, शेवटी स्टाफरूममध्ये चहाच्या किटलीवर कागद चिकटवला तेव्हा लोक आले.

ती मुलगी परवा परत आली होती. बाइलश्टाइनचा टेम्प्लेट उतरवून घेतलाय, एनएमआरचा डेटा पुन्हा नीट लावतेय, गाईडला अजून सांगितलेलं नाही. मला म्हणाली, "सर, तुम्हीच बोला ना त्यांच्याशी." बघू, सोमवारी ते पुस्तकं परत करायला येणार आहेत, तीन ओव्हरड्यू आहेत त्यांची.