रहाडीभोवतीचे शहर

माझे बालपण जुन्या नाशकात, तिवंधा चौकाजवळच्या एका वाड्यात गेले आणि शहर म्हणजे काय याची पहिली समज मला त्या चौकाच्या पोटात पुरलेल्या एका हौदाने दिली. वर्षभर त्याच्यावरून सायकली, हातगाड्या आणि दुचाकी जात असत आणि परगावच्या माणसाला तेथे काही आहे याचा पत्ताही लागत नसे. फाल्गुनातली होळी पेटून गेली की मात्र चौकातली माणसे कुदळी-फावडी घेऊन जमत, रस्त्याचा नेमका तेवढाच भाग खणला जाई, मातीखालचे लाकडी ओंडके बाजूला काढले जात आणि दगडात बांधलेली पेशवेकालीन रहाड उघडी होई.

नाशिकबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे की रहाड म्हणजे रंगपंचमीसाठी जमिनीत बांधलेला, माणूस बुडेल एवढा खोल हौद. शनी चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा अशा ठिकाणच्या रहाडी आजही नांदत्या आहेत. काही काळाच्या ओघात बुजल्या. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो आणि तो फुले-पाने उकळून तयार करतात. पूजेचा मान काही घराण्यांकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. पूजा झाली की पहिली उडी पडते. या उडीला आमच्याकडे ‘धप्पा मारणे’ म्हणतात आणि धप्प्याने उसळलेले पाणी काठावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला, तो कोणाचा कोण हे न विचारता, भिजवून टाकते. आम्ही मुली हे सारे सज्जातून पाहत असू. खाली उतरण्याची आम्हाला मुभा नव्हती, आणि त्याचे मला तेव्हाही वाईट वाटत असे.

पण माझे लक्ष सणापेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांकडे अधिक असे. जळण कोणी आणायचे, कढई कोणाच्या घरची, पाणी कोठून ओढायचे, गाळ कोणी उपसायचा हे कोठेही लिहिलेले नव्हते, तरी ते दरवर्षी बिनचूक घडत असे. एकदा चौकात गटाराचे काम निघाले, तेव्हा दोन-तीन वडीलधाऱ्या माणसांनी मुकादमाला बोलावून, कोठलाही नकाशा न पाहता, समोरच्या ओट्यापासून पावले मोजत रहाडीच्या चारही कडा खडूने आखून दिल्या. खोदाई त्या रेषेला वळसा घालून गेली. एका सणाने एका रस्त्याची आखणी ठरवली, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

कला आणि लोकसहभाग यांनी शहर घडते, हे वाक्य आता परिसंवादांत आणि आराखड्यांत सहज वापरले जाते. मला ते मान्य आहे, परंतु त्यातील ‘सहभाग’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा कार्यक्रमाला उपस्थित राहणे किंवा वर्गणी देणे एवढ्यावर थांबतो. मला त्या शब्दात सांभाळ अभिप्रेत आहे. कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या कोण उचलतो, किल्ली कोणाकडे असते, बुजलेली गोष्ट पुन्हा उघडण्याची आठवण कोण ठेवतो, यावरून त्या शहराचे त्या कलेशी असलेले नाते मला कळते.

या दृष्टीने पाहिले तर नाशिकचे सार्वजनिक वाचनालय हे आपल्या शहराचे फार मोठे भाग्य आहे. १८४० साली सुरू झालेल्या या संस्थेला आम्ही जवळिकीने ‘सावाना’ म्हणतो. तेथे पुस्तके आहेत, वस्तुसंग्रहालय आहे आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृहही आहे. एका वाचनालयाने स्वतःचे नाट्यगृह चालवावे यात मला खोल अर्थ दिसतो, कारण त्यामुळे वाचणारा आणि पाहणारा असे दोन वेगळे वर्ग न राहता तीच माणसे सकाळी वर्तमानपत्राच्या टेबलाशी आणि रात्री प्रेक्षागृहात भेटतात.

त्याच रंगमंचावर राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्राची हौशी नाटके पाहत मी मोठी झाले. माझे वडील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते आणि कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत त्यांनी बरीच वर्षे प्रकाशयोजना सांभाळली. पहिली पाळी संपवून आलेला फिटर, दुसऱ्या पाळीला जायचे म्हणून घाईने संवाद म्हणून घेणारा वेल्डर, पाठांतर करवून घेणारी एक शिक्षिका, असा तो संघ होता. त्यांतील निम्मी माणसे खानदेशातून आणि मराठवाड्यातून आलेली होती, भाड्याच्या एका खोलीत राहत होती आणि त्यांच्यासाठी नाशिक हे पगाराचे गाव होते. तालमींनी त्यांना शहरातली घरे ठाऊक झाली. कोणाकडून नेपथ्यासाठी जुना पलंग मागायचा, कोणाकडून नऊवारी, कोणता तांबट आपले भांडे दोन दिवसांसाठी देईल, हे शोधता शोधता ती माणसे मेनरोडपासून तांबट आळीपर्यंत सर्वांच्या ओळखीची झाली. वडील सांगत की त्यांनी स्वतःला नाशिककर म्हणायला सुरुवात केली ती शिधापत्रिकेवर पत्ता आला म्हणून नव्हे, तर साईखेडकरच्या विंगेत त्यांना कोणीतरी ‘आपला माणूस’ म्हणून हाक मारली तेव्हापासून.

नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची गावे एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. कागदावर शहर एका दिवसात एक झाले. माणसांचे एक होणे मात्र अशा तालमींमधून, व्याख्यानमालांमधून आणि गणपतीच्या मांडवांमधून कितीतरी वर्षे चालू राहिले आणि माझ्या मते ते अजूनही पुरे झालेले नाही. मे महिन्यात गोदाकाठच्या यशवंतराव महाराज पटांगणावर भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेला मी जाते, तेव्हा माझ्या शेजारी बसलेला माणूस पंचवटीचा आहे की पाथर्डी फाट्याचा, हे मला कळत नाही, आणि ते न कळणे मला फार आवडते. तेथे तिकीट नाही, दार नाही. देवदर्शन करून आलेले कुटुंबही पंधरा मिनिटे थांबून ऐकते आणि पुढे जाते.

तात्यासाहेब शिरवाडकरांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय नाशकात पुढे सरकू शकत नाही. १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेल्या या कवीने आपली प्रतिष्ठा शहराच्या कामी लावली. कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या कामात साहित्याबरोबर जिल्ह्यातील आदिवासी भागाचाही विचार होता, आणि ही दृष्टी मला त्यांच्या कवितेइतकीच मोलाची वाटते. याच प्रतिष्ठानातून २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू झाली. पुस्तकांनी भरलेली पेटी एखाद्या वसाहतीत, कार्यालयात, तुरुंगात, रुग्णालयात किंवा परदेशातील मराठी मंडळात जाते, तेथील एक माणूस तिची जबाबदारी घेतो, आणि काही महिन्यांनी ती पेटी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. पुस्तकांसाठी पैसे देणाऱ्यांत घरातील वाढदिवसाच्या निमित्ताने देणगी देणारी साधी माणसे आहेत. या योजनेला मोठी इमारत लागत नाही, मात्र पेटीचा सांभाळ करणारा माणूस प्रत्येक ठिकाणी लागतो.

हे सारे लिहीत असताना मला एक गोष्ट मनाला बजावून सांगावी लागते. सांभाळ करणाऱ्यांत कोणाला घेतले आणि कोणाला दूर ठेवले, हाही शहराच्या घडणीचाच भाग आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे कित्येक वर्षे नेटाने चालवला. त्या वर्षीच्या रामनवमीला संघर्ष उफाळला तो रथ ओढण्याच्या हक्कावरून, म्हणजे दोर धरण्याच्या हक्कावरून. ज्या उत्सवाचे शहराला एवढे प्रेम, त्याचा दोर शहरातीलच माणसांच्या हाती द्यायला ते शहर तयार नव्हते. त्या काळात आंबेडकरी जलशांनी जे केले ते कोणत्याही भाषणाने झाले नसते. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा परिचित घाट घेऊन समतेचा विचार वस्त्यावस्त्यांत नेला, आणि पुढे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांनी तोच वारसा आयुष्यभर गाण्यांतून चालवला. शहराने ज्यांना अंगणाबाहेर ठेवले होते त्यांनी स्वतःचे अंगण उभे केले, आणि त्यात उभे राहून शहराला जाब विचारला. आजच्या नाशिकची नैतिक जडणघडण सांगताना मी गोदाघाटाइतकेच महत्त्व या जलशांना देते.

आता मी इंदिरानगरच्या बाजूला राहते. रुंद रस्ते आहेत, उद्याने आहेत, जॉगिंग ट्रॅक आहे. परंतु चौकाच्या पोटात काही नाही. आमच्या वसाहतीतील काही तरुण मुलांना एकांकिकेच्या तालमीसाठी जागा हवी होती, तेव्हा ही उणीव मला प्रथम जाणवली. एका गृहसंकुलाच्या सभागृहाने आवाजाचे कारण दिले. खुल्या जागेतील एक सभामंडप सदैव कुलूपबंद असे आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे विचारत आम्ही दीड महिना फिरलो. अखेरीस ती परिसरातील ज्येष्ठ नागरिकांच्या एका गटाकडे असल्याचे कळले. त्यांना भीती होती की मुले नासधूस करतील, आणि मुलांना वाटत होते की आजी-आजोबा त्यांना उभेच करणार नाहीत. दोन बैठका झाल्या, त्यांतील पहिली फार कडवट होती. दुसऱ्या बैठकीत एका निवृत्त शिक्षिकेने सुचवले की मुलांनी सकाळच्या योगवर्गाआधी मंडप झाडून द्यावा आणि रात्री साडेनऊला दिवे मालवून किल्ली घरी आणून द्यावी. हा करार तीन वर्षे अखंड चालू आहे. त्या शिक्षिका आता मुलांचे उच्चार सुधारून देतात, आणि त्यांना दवाखान्यात न्यायचे असेल तेव्हा एकांकिकेतील मुले रिक्षा घेऊन दारात उभी असतात. मंडपाच्या कोपऱ्यात आम्ही एक पुस्तकांचे कपाट ठेवले आणि शनिवारी लहान मुलांचा वाचनगट सुरू केला.

या अनुभवामुळेच २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात चाललेल्या कामांकडे मी आशेने आणि काळजीने पाहते. रस्ते हवेत, घाट हवेत, पाणी स्वच्छ हवे, याविषयी दुमत नाही. परंतु आपल्याकडे चित्रकाराला बोलावले जाते ते भिंत बांधून झाल्यावर, ती रंगवण्यासाठी. पायऱ्या किती रुंद ठेवाव्यात, कोठे सावली हवी, कोठे शंभर माणसे बसून ऐकू शकतील, हे ठरवताना गायक, नट, रांगोळीकार यांना कोणी विचारत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास गोदाघाटावर स्त्रिया जी महारांगोळी काढतात, तिच्यात मी दोनदा बसले आहे. दोरीने आखलेल्या चौकटीत प्रत्येकीच्या वाट्याला एक तुकडा येतो, शेजारच्या तुकड्याशी आपला रंग जुळवावा लागतो आणि त्यासाठी अनोळखी बाईशी बोलावेच लागते. फरशी कोठे उखडली आहे, उतार कोठे चुकला आहे, पाणी कोठे साचते, हे त्या स्त्रियांना गुडघ्यांवर बसून कळलेले असते. घाटाची आखणी करणाऱ्याने त्यांच्यापैकी चारजणींशी तासभर बोलावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गेल्या रंगपंचमीला वाचनगटातील नऊ मुलांना घेऊन मी तिवंधा चौकात गेले. त्यांनी रहाड प्रथमच पाहिली. सगळी भिजून चिंब झाली, आणि परतताना त्यांतील एकाने तेथल्या एका वयस्कर गृहस्थांना विचारले, “काका, हे परत झाकतात कोण?” ते म्हणाले, “आम्हीच. तू येशील का?” तो खरोखरच आला, आईला बरोबर घेऊन. ओंडके ठेवून झाले, त्याने आपल्या परीने सात-आठ घमेली माती टाकली, आणि मग त्या गृहस्थांनी त्याचा हात धरून समोरच्या ओट्याच्या पायरीपासून रहाडीच्या पहिल्या कडेपर्यंतची पावले त्याच्याकडून मोजून घेतली.