मापटं, दहाचे गठ्ठे आणि औसा रोडवरचं आमचं शिबिर

लातुरात शिकवणीचा धंदा सोपा, असं बाहेरच्यांना वाटतं. दहावी-बारावीला आणि नीटला असेलही. आम्ही तीन ते सहा वर्षांच्या लेकरांचं उन्हाळी शिबिर चालवतो, तेही गणिताच्या खेळांचं. परीक्षेतल्या गुणांसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नच्या गावात पालक पहिल्या दिवशी काय विचारतात ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. "बाई, वही कुठाय?" वही नसते. सागरगोटे असतात, ठोकळे असतात, तराजू असतो, चुन्याने आखलेला लंगडीचा पट असतो. मग दुसरा प्रश्न येतो, "मग शिकवायलात काय?"

२०१० साली औसा रोडवर भाड्याच्या दोन खोल्यांत सुरुवात केली. बालवाडी शिक्षिकेचा कोर्स झाला होता आणि डोक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ होत्या. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डीला बालवाडी काढली तेव्हा आजूबाजूला मिळेल त्या वस्तूतून साधनं केली. आपल्याकडं समुद्राचे शिंपले नसले तरी तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आहेत, चिंचोके आहेत, लिंबोळ्या आहेत, एवढा हिशेब मी केला. तुराट्या बोटाएवढ्या कापायच्या, टोकं घासायची, दहा झाल्या की रबर लावायचं. दशक म्हणजे काय हे मोठ्या गटाच्या हाताला यातून कळतं. चिंचोके फक्त मोठ्या गटालाच द्यायचे. लहान गटातलं लेकरू चिंचोका नाकात घालणारच, हे नव्या शिबिरवाल्यांनी कुठंतरी लिहून ठेवावं.

लाकडी कामाला सुतारमामा भेटले. फर्निचरमधून उरलेले सागवानाचे तुकडे आणायचे, रंधा मारायचे, पॉलिश पेपरने कडा इतक्या घासायचे की गालावर फिरवला तरी ठोकळा टोचू नये. एकेरी, दुहेरी, चौपट अशा मापाचे ठोकळे. दोन एकेरी ठेवले की दुहेरीच्या बरोबर यायलाच पाहिजेत. सुताभराचा फरक राहिला तरी मामा तो ठोकळा परत न्यायचे. मी म्हणायची, "मामा, लेकरांना काय कळतंय?" ते म्हणायचे, "त्यांलाच कळतंय बाई, आपल्याला चालवून घ्यायची सवय लागलीय." त्यांनी केलेला तीन इंची फासा अजून आमच्याकडं आहे. ठिपके गिरमिटाने कोरलेले, म्हणजे डोळे मिटूनही बोटाने मोजता येतात. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सातच. या फाशाची गोष्ट पुढं येणार आहे.

मधली वर्षं बरी गेली. गंजगोलाईला मोठ्या गटाला सकाळी सकाळी न्यायचो. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात. रस्ता आला की पिशवीत एक खडा टाकायचा. ज्या लेकराला बारापुढं म्हणता येत नव्हतं, त्याच्याही पिशवीत सोळाच खडे निघायचे. एकास एक लावणं आधी, आकड्याचं नाव मागून. फोटो पुष्कळ आहेत, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

मग २०१६ आलं. लातूरकरांना त्या उन्हाळ्याबद्दल मी काय सांगू? मार्चमध्येच पाणी भरायच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लागलं. क्लासेसची पोरं हॉस्टेल सोडून गावी गेली, नोकरदारांनी बायका-लेकरं पुण्याला धाडली. आमची नावनोंदणी निम्म्याच्याही खाली आली. घरमालकाने भाडं सोडलं नाही, वर टँकरचा वाटा मागितला. काहींनी आगाऊ पैसे परत मागितले, ते दिले. त्यासाठी पाटल्या गहाण पडल्या, आणि "आता तरी हे खेळ बंद कर" हे घरातल्यांनी न म्हणताही ऐकू येत होतं.

त्यात आमचा सगळ्यात चालणारा खेळ पाण्याचा. एकाच तांब्यातलं पाणी लेकरासमोर उंच पेल्यात ओतायचं, मग पसरट परातीत, आणि विचारायचं जास्त कुठं आहे. चार-पाच वर्षांचं लेकरू बहुतेक वेळा उंच पेल्याकडं बोट दाखवतं. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे अभ्यासून मांडलंय. लेकरू चुकलं म्हणून ओरडायचं नसतं, त्याच्या हातून पुन्हा पुन्हा ओतून घ्यायचं असतं. पण शहर घागरीसाठी रांगेत उभं असताना खेळायला पाणी कोणत्या तोंडाने सांडायचं?

औशाकडच्या एका गावाहून एक आजी नातवाला एसटीने घेऊन यायच्या. नातवाच्या आधी त्याची बहीण आमच्याकडं होती. मी फाटकाशी त्यांना सांगितलं, यंदा पाण्याचे खेळ नाहीत, बाकीचंही किती दिवस चालेल सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, "पाणी नसंल तर जोंधळं ओता की बाई." दुसऱ्या दिवशी गाठोड्यातून धान्य मोजायची जुनी मापं, चिपटं, मापटं, शेर आणि पायली, काढून पायरीवर ठेवली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. चढत जाणारी एवढी देखणी साखळी कुठल्या महागड्या पेटीत मिळते सांगा. लेकरं तळवटावर बसून जोंधळे ओतायची, काठ बोटाने सपाट करायची, "अजून एक मावतंय, अजून एक मावतंय" म्हणायची.

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, एकेकीत साधारण ५० हजार लिटर. लेकरांच्या तोंडी दुसरा विषयच नव्हता. आम्ही काडेपेट्यांची रेल्वे केली, डबे दहा. त्याच महिन्यात ५० वाघिणींची गाडी आली, तर लेकरांना पन्नास डबे पाहिजेत! एवढ्या काडेपेट्या आणायच्या कुठून? तुराट्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे ओळीने मांडले. एका पाच वर्षांच्या पोरीने पहिला गठ्ठा उचलून सांगितलं, "ही आधीची गाडी. अशा पाच आल्या." ज्यांनी आम्हाला वही विचारली, त्यांनी त्या सकाळी यायला पाहिजे होतं.

दुष्काळातून निघालो आणि २०१७ च्या उन्हाळ्यात जवळच एका मोठ्या शहरातल्या शिबिरवाल्यांची शाखा उघडली. नाव घेत नाही, लातूरकर ओळखतील. एसी हॉल, टी-शर्ट, चमकती बॅग, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि पदक. उद्घाटनाला चार वर्षांच्या मुलाला स्टेजवर चढवून शंभरपर्यंत आकडे आणि दोनचा पाढा म्हणायला लावला. टाळ्या पडल्या, फोन आम्हाला आले. "बाई, तुमच्याकडं पाढे नाहीत का हो?" फी आमच्या तिप्पट, तरी रांग तिकडं. आमच्या दोन ताई पगारासाठी गेल्या. त्यांना बोल लावत नाही, घरं सगळ्यांना आहेत. पण जाताना गठ्ठ्यांचा खेळ, खड्यांची पिशवी, पटावरची लंगडी हे सगळं गेलं, आणि पुढच्या वर्षी त्या शाखेच्या रंगीत पुस्तिकेत छापून आलं. मापट्याच्या जागी प्लॅस्टिकचे कप. खाली लिहिलं होतं, आमच्या तज्ज्ञांनी विकसित केलेले उपक्रम. तज्ज्ञ म्हणजे कोण, तर एसटीने येणाऱ्या आमच्या आजी!

त्यांचा स्पंजचा फासाही मी पाहिला. एका पालकाने कौतुकाने आणून दाखवला. दोनच्या समोर तीन. मी तो सुतारमामांकडं नेला. त्यांनी फिरवून पाहिला, हसले नाहीत, माझ्या हातात परत दिला आणि रंधा मारायला लागले.

तिकडून आमच्याकडं परत आलेलं एक लेकरू शंभरपर्यंत घडाघडा म्हणायचं. मी म्हटलं, सात चमचे आण. त्याने मूठभर आणले. पाच सागरगोटे नीट मोजले, मी ते लांब लांब पसरवले, तर म्हणालं, "आता लई झाले." तीन आठवडे रोज डब्याच्या वेळी ताटल्या-वाट्या मांडायचं काम त्याला दिलं, दुसरं काही नाही. शेवटी वाटी कमी पडली की ते स्वतःच सांगायला लागलं. हे स्टेजवर दाखवता येत नाही, हीच आमची अडचण.

विषय निघालाच आहे म्हणून आई-वडिलांना सांगते. तीन वर्षांच्या हाताला पेन्सिलीची घाई करू नका. जेवायला माणसं किती, भाकरी किती, एवढं रोज विचारा. मोजे, चपला, डाळी निवडायला बसवा. जिना चढताना पायरीगणिक एकच आकडा म्हणा, पाय आणि तोंड बरोबर चालू द्या. आणि शिबिर काढणाऱ्यांनो, मे महिन्यात साडेदहाच्या पुढं वर्ग नेऊ नका, आगाऊ पैशाची पावती द्या, पदकं वाटू नका.

२०२० ला टाळेबंदीने शिबिर गेलं, सगळ्यांचंच गेलं. पुढं २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने तीन ते आठ वर्षांच्या लेकरांसाठी ‘जादुई पिटारा’ नावाचा साधनसंच आणला, त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या. लगेच त्या शाखेच्या फलकावर ‘खेळातून गणित’ झळकलं, पाढ्यांचा फलक उतरला. आमच्या फाटकावर ती अक्षरं पहिल्या वर्षापासून आहेत, रंग तेवढा उडालाय.

आजींचा तिसरा नातू गेल्या वर्षी येऊन गेला. सुतारमामांचं काम आता त्यांचा मुलगा बघतो. हात वडिलांचाच आहे, दर मात्र नव्या काळाचा. चौपट ठोकळ्यांच्या दोन संचांना त्याने सांगितलेला आकडा मला पटलेला नाही, आणि सागवानाऐवजी एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, घ्या म्हणतो तेही नाही. एप्रिलच्या आत तोडगा निघाला नाही तर यंदा जुन्याच संचावर भागवू.